यल्लापूरची सुगंधा, विक्रोळीची दीप्ती

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात सुगंधा सिद्दी गेली अकरा वर्षं शर्टांचे धागे कापते. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, काखेत, कॉलरखाली, बटणांच्या मागे लोंबणारे धागे छोट्या कटरने उडवायचे, एकदा झटकायचा आणि इस्त्रीवाल्याकडे सरकवायचा. या कामात डोळे जातात, पण गिऱ्हाईक समोर येत नाही, आणि सुगंधाला तेच बरं वाटतं. त्याआधी ती विक्रोळीतल्या एका खाजगी बालवाडीत मदतनीस होती. मुलं तिच्या गळ्यात पडायची, तिच्या आखूड कुरळ्या केसांत बोटं घालून बसायची, झोपेला आली की तिचीच मांडी मागायची. चौथ्या महिन्यात बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं.

"तुझ्या कामाबद्दल काही नाही गं, सुगंधा. पण पालक म्हणतात, मुलं घाबरतात."

सुगंधाने मागे वळून पाहिलं. तीन वर्षांची एक मुलगी तिचा पदर धरून मागोमाग ऑफिसात आली होती. बाईंनीही तिला पाहिलं. सुगंधाने मुलीला वर्गात नेऊन बसवलं आणि आपली पिशवी उचलली.

सिद्दी हे तिचं आडनाव, आणि जातही तीच. कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूरच्या रानात तिचा जन्म झाला. आजी सांगायची, आपल्या माणसांना कधीतरी जहाजात घालून आणलं, बाजारात उभं करून विकलं, मग काही जण पळाले आणि या रानात शिरले. कुठून आणलं, कोणी आणलं, ते आजीलाही नीट ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होत्या त्या दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागा, जंगलातला मध आणि घराच्या कोपऱ्यात पुजायला मांडलेले पूर्वज. सुगंधाच्या डोळ्यांपुढेही तेवढंच जग होतं. मग माणिकशी लग्न झालं आणि ती मुंबईला आली.

माणिकही यल्लापूरचाच सिद्दी, पण तो आधीच इथे होता. पवईच्या एका ऑफिस संकुलात तो वॉचमन होता. सहा फूट उंच, रुंद खांदे, गडद काळा रंग. एजन्सीवाल्याने त्याला बघताक्षणी घेतला. "याला नुसता गेटवर उभा केला तरी पुरे," म्हणाला. माणिकसारखा मऊ माणूस शोधून सापडला नसता. मांजर आडवं गेलं तरी तो त्याला वाट द्यायचा. पण गेटवर उभं राहायला त्या गोष्टीची गरज नव्हती.

विक्रोळीच्या चाळीत त्यांना खोली मिळाली ती वनमालाकाकींच्या शेजारी. काकी मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तो वारल्यावर एकट्याच राहायच्या. पहिल्या दिवशी नळावर सुगंधा आली तेव्हा बायका बाजूला सरकल्या. एकीने हिंदीत विचारलं, दुसरीने हातवारे करून. सुगंधा म्हणाली, "पाणी व्हरूंक आयलंय." काकींची कळशी हातातच राहिली.

"अगो बाये! तू तर माझ्या म्हायेरचा बोलतंस!"

सिद्द्यांची बोली कोकणीच्या इतकी जवळची असते हे नळावर कोणाला माहीत असणार? त्या दिवसापासून काकी तिच्या झाल्या. पण चाळीच्या बाहेर काकी थोड्याच बरोबर असायच्या?

चार वर्षांनी दीप्ती झाली. एकुलती एक. ती विक्रोळीत जन्मली, मराठी शाळेत गेली, विक्रोळीच्याच पोरांशी भांडायला शिकली. तिची मराठी ऐकली तर तिला मुंबईच्या बाहेरची म्हणायची कोणाची छाती नव्हती. "ए, चल ना यार, डोकं नको खाऊस," असं ती सहा वर्षांची असताना माणिकला म्हणाली होती आणि माणिक दोन दिवस ते सगळ्यांना सांगत सुटला होता. वर्गात तिला नावं पडली. काळू, हबशी, वेस्ट इंडिज. ती परत शिव्या घालायची, कधी डोक्यात दप्तर घालायची. ते चाललंच होतं. मुलांचं चालायचंच, असं सुगंधाने मनाशी धरलं होतं.

दीप्ती तिसरीत असतानाची गोष्ट. शाळेचं गॅदरिंग होतं आणि वर्गाचा कार्यक्रम होता 'जगातले आमचे मित्र'. कोणी जपानी, कोणी इंग्रज, कोणी अरब. वर्गाच्या शुभा टीचर आठवडाभर आधी घरी आल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. सुट्टीत दीप्तीचं गणित घ्यायच्या. खुशीत म्हणाल्या, "दीप्तीला आफ्रिकेची केलीय. बाकी पोरांना रंग फासायचा म्हणजे केवढा त्रास, हिला काहीच लावायला नको! तुम्ही फक्त हिरव्या क्रेप कागदाचा घागरा करून द्या. पानांसारख्या पट्ट्या कापायच्या."

सुगंधाने रात्रीच्या जेवणाआधी बसून तो घागरा केला. छान केला. पट्ट्या एकसारख्या कापल्या, कमरेला नाडी घातली, टोचू नये म्हणून आतून जुन्या परकराचं अस्तर लावलं.

गॅदरिंगच्या दिवशी ती काकींना घेऊन तिसऱ्या रांगेत बसली. जपानी आली, पंखा हलवून गेली. इंग्रज आला, टोपी काढून वाकला. मग ढोल वाजले आणि दीप्ती आली. हातात पुठ्ठ्याचा भाला, गळ्यात शंखांची माळ. तिला बोलायला वाक्य नव्हतं. बाकीच्यांना 'नमस्कार, मी अमुक देशातून आलो' असं एकेक वाक्य होतं. तिला नुसतं भाला वर करून "हू हू हू" करत गोल फिरायचं होतं. सगळं सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्या टाळ्या तिलाच पडल्या, कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं आणि टीचरनी तिला परत स्टेजवर ढकललं. दीप्ती दुसऱ्यांदा फिरली. दुसऱ्यांदा फिरताना ती हसत नव्हती.

सुगंधा टाळ्या वाजवत होती. बाजूचे वाजवत होते, सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते, हात थांबवावेत तर कसे, हे तिला कळेना. वनमालाकाकी मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

घरी जाताना दीप्तीने विचारलं, "आई, आपण आफ्रिकेचे आहोत?"

"नाही गं. आपण यल्लापूरचे."

"मग मी आफ्रिकेची का झाले?"

"नाटकात व्हावं लागतं."

"मग श्रेयस इंग्रज झाला, तर त्याला तोंडाला पावडर का लावली?"

सुगंधाने रस्ता ओलांडायच्या निमित्ताने मुलीचा हात धरला. हायवे ओलांडून झाल्यावरही सोडला नाही.

पुढे मोठ्या शाळेत खेळाचे चैतन्य सर भेटले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दीप्तीला मैदानात उभं केलं. "तुमच्या रक्तातच असतं. तू फक्त धाव." दीप्तीला धावायला अजिबात आवडत नव्हतं, तिला दम लागायचा. वॉर्डाच्या स्पर्धेत ती चौथी आली. सर महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाहीत, जणू तिने त्यांना फसवलं होतं.

ती सातवीत असताना माणिक पडला. रात्रपाळी संपवून सकाळी सातला तो पवईहून निघाला आणि गेटपाशीच त्याचा उजवा पाय लुळा पडला. जोडीदाराने रिक्षात घातलं आणि घरी फोन केला. सुगंधा दीप्तीला आणि काकींना घेऊन धावली. पावणेआठला ते सगळे एका मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागाच्या खिडकीपाशी होते. माणिकचं तोंड वाकडं झालं होतं, तो काहीतरी सांगू बघत होता.

खिडकीतल्या माणसाने माणिककडे पाहिलं, सुगंधाकडे पाहिलं. "पासपोर्ट निकालो," तो म्हणाला. "फॉरेनर का अलग फॉर्म होता है."

"आम्ही इथलेच आहोत, साहेब. विक्रोळीचे."

"अरे वा, मराठी भी सीख लिया!" तो शेजारच्याला म्हणाला.

माणिकचं आधार कार्ड घरी ट्रंकेत होतं. सुगंधा परत घरी गेली, कार्ड घेऊन आली. मग तिथल्या हवालदाराने ते उलटसुलट करून पाहिलं. हल्ली आधार सगळेच बनवतात, म्हणाला, आणि नंबर कुठेतरी कळवून वाट बघत बसला. वनमालाकाकी ओरडत होत्या, "अहो, मी ओळखते यांना, शेजारी राहतात माझ्या, मेलं ते माणूस म्हणजे कळेल तुम्हाला!" काकींना बाकावर बसायला सांगण्यात आलं. तेरा वर्षांची दीप्ती स्ट्रेचरचा दांडा धरून उभी होती. ती रडली नाही. खिडकीतल्या माणसाकडे टक लावून बघत राहिली.

सव्वादहाला केसपेपर निघाला. मग डोक्याच्या फोटोची रांग. डॉक्टर आले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. तरुण होते, दमलेले होते. फोटो उजेडात धरून म्हणाले, "साडेचार तासांच्या आत आणायला हवं होतं. मग इंजेक्शन देता आलं असतं. इतका उशीर का केलात?"

सुगंधाच्या तोंडात आलं होतं की आम्ही पावणेआठपासून तुमच्या दारात आहोत. पण डॉक्टरांच्या हातात माणिक होता. तिने मान खाली घातली.

"चुकलं, डॉक्टर," ती म्हणाली.

माणिक वाचला. उजवा हात आणि पाय गेला तो गेलाच, बोलणं जडावलं. एजन्सीने दुसरा उंच माणूस ठेवला. तेव्हापासून माणिक खोलीतल्या कॉटवर, दाराकडे तोंड करून.

दीप्तीने त्या सकाळबद्दल कधी काही म्हटलं नाही. पण दहावीला शहाऐंशी टक्के पडल्यावर तिने सांगून टाकलं की सायन्स घेणार आणि नर्स होणार. का, ते कोणी विचारलं नाही.

खोलीत अभ्यास होईना. माणिकचं खोकणं, शेजारचा टीव्ही. जवळच एक सार्वजनिक अभ्यासिका होती, पंखे, ट्यूबलाइट, लांब टेबलं, सगळ्यांना खुली. ती सांभाळायचे अण्णा. बँकेतून निवृत्त झालेले, वस्तीपलीकडच्या सोसायटीत राहणारे. दीप्ती पहिल्या दिवशी गेली तेव्हा त्यांनी तिला दारावरूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सुगंधा रेशन कार्ड, आधार, शाळेचा दाखला, सगळं पिशवीत घालून तिच्याबरोबर गेली. अण्णांनी कागद पाहिलेही नाहीत.

"अहो, ठेवा ते. मला माहितीय ती इथलीच आहे. माझी नात तिच्याच वर्गात होती," ते म्हणाले. "पण इथे मुली एकट्या बसतात संध्याकाळी. पालक येऊन विचारतात, ही कोण, कुठली. आता प्रत्येकाला मी काय सांगत बसू?"

"सांगा ना, इथलीच आहे म्हणून."

अण्णा खरंच विचारात पडले. मग त्यांनी दीप्तीला शेवटच्या टेबलावरची, भिंतीकडे तोंड असलेली जागा दिली. तिथून ती दारातून आत येणाऱ्याला दिसत नव्हती. दीप्तीने आठ महिने तिथे अभ्यास केला. मग एका मुलीचा मोबाईल हरवला. अभ्यासिकेत त्या वेळी एकवीस जणं होती. दप्तर एकीचंच उघडायला लावलं. मोबाईल जिचा होता तिच्याच स्कूटीच्या डिकीत सापडला. अण्णांनी घरी येऊन माफी मागितली, अर्धा कप चहाही घेतला. दीप्ती परत गेली नाही.

त्या संध्याकाळी मायलेकींचं भांडण झालं.

"तू काही बोलत का नाहीस गं कधी?" दीप्ती ओरडली. "दवाखान्यात नाही बोललीस, शाळेत नाही बोललीस. आज ते अण्णा चहा पिऊन गेले आपल्याकडे! चहा दिलास तू त्यांना!"

"बोलून काय होणार होतं?"

"निदान बोलली तरी असतीस!"

सुगंधा भांडी पुसत राहिली. तिला सांगायचं होतं, की मी साधं बोलले तरी लोक म्हणतात बाई अंगावर येते. माझं हे एवढं थोरलं शरीर, हा घोगरा आवाज. मी एक पाऊल पुढे टाकलं की समोरचा दोन पावलं मागे जातो, आणि मग मी काय म्हणत होते ते कोणीच ऐकत नाही. म्हणून बाई मी हसते, मान डोलावते आणि काम करून घेते. पण सोळा वर्षांच्या पोरीला हे सांगायचं म्हणजे तिलाही तेच शिकवायचं. तिने पुढचं भांडं उचललं. माणिक कॉटवरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

बारावी झाली, नर्सिंगची प्रवेश परीक्षा झाली. मार्क चांगले होते, फार चांगले नव्हते. तेव्हा गाळ्यात बरोबर काम करणारी एक बाई म्हणाली, "अगं, तुम्ही आदिवासी ना? मग दाखला काढ की! राखीव जागेतून सहज लागेल नंबर." सुगंधाला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. गावाकडे सिद्दी आदिवासींत धरतात हे तिला ठाऊक होतं. तिच्या मामेभावाची पोरं त्यावर शिकली होती. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

तहसील कचेरीच्या खिडकीवर शर्मिष्ठा मॅडम होत्या. अशा ठिकाणी इतकं नीट बोलणारं माणूस सुगंधाला पहिल्यांदाच भेटत होतं. मॅडमनी खुर्ची दिली, नाव विचारलं, यादी उघडली. वरून खाली बोट फिरवलं, मग परत फिरवलं. कॉम्प्युटरवरही पाहिलं.

"सिद्दी नाहीये हो महाराष्ट्राच्या यादीत."

"कर्नाटकात आहे, मॅडम."

"तिथे असेल. तिथली यादी वेगळी, इथली वेगळी. वडिलांचा तिथला दाखला आणलात तर त्यावरून मी एक दाखला देऊ शकते. पण तो केंद्राच्या कामाला चालतो. इथल्या राज्याच्या नर्सिंग कॉलेजात नाही चालत."

"मग मी कर्नाटकातून भरू?" दीप्तीने विचारलं.

"तिथे शाळा किती वर्षं झाली तुझी?"

"एकही नाही. मी विक्रोळीची आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बहुतेक सात वर्षं लागतात तिथल्या शाळेची."

"म्हणजे मी तिथली आहे म्हणून इथे मिळत नाही," दीप्ती सावकाश म्हणाली, "आणि इथली आहे म्हणून तिथे मिळत नाही."

"तसंच म्हणायचं," मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं; चेहऱ्यावर दिसत होतं.

तरीही सुगंधा यल्लापूरला गेली. कागद हातात आला की काहीतरी मार्ग निघेल, असं तिला वाटत होतं. दीप्तीला बरोबर नेलं. माणिकला आठवडाभर काकींनी सांभाळलं. सोळा वर्षांनी ती गावाला जात होती. पोरींनी दीप्तीला गराडा घातला, तिच्या बोलण्याला हसल्या, तिला 'मुंबैची' म्हणाल्या. सगळ्यांचे चेहरे आपल्यासारखे, आणि तरी आपण पाहुणे, हे दीप्तीला झेपेना. एक चुलतभाऊ जवळच्या रिसॉर्टमध्ये कामाला होता. काय काम करतोस, तिने विचारलं. संध्याकाळी पानं नेसून पाहुण्यांपुढे नाचतो, तो म्हणाला. जेवण चांगलं मिळतं. दीप्ती त्या रात्री जेवली नाही.

पाच दिवसांच्या खेपांनंतर माणिकच्या नावाचा दाखला मिळाला. सुगंधाने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी ब्लाउजमध्ये ठेवली आणि मुंबई येईपर्यंत काढली नाही.

दुसऱ्यांदा कचेरीत गेली ती एकटीच. गर्दी होती. शर्मिष्ठा मॅडमनी दाखला वाचला, मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं, त्याच नीट आवाजात. हा खरा आहे. पण इथे चालत नाही. मी काही करू शकत नाही, ताई.

आणि मग सुगंधा बोलली. कशी बोलली ते तिलाही कळलं नाही. टेबलावर तळहात आपटून ती म्हणाली, "चालत नाही म्हणजे काय? नावं ठेवायला आम्ही सिद्दी चालतो. शाळेत नाचवायला चालतो. गेटवर उभं करायला चालतो. पासपोर्ट मागताना बरोबर कळतं तुम्हाला आम्ही कोण ते! मग या कागदावरच तेवढं कळत नाही? माझी पोर इथे जन्मली. इथे शिकली. तिला नर्स व्हायचंय, तुमचेच आजारी बघायचेत तिला! मी काय दान मागतेय?"

रांगेतली माणसं भिंतीपर्यंत मागे सरकली. एका बाईने पोराला कडेवर उचललं. दारावरचा शिपाई धावत आला आणि सुगंधापासून चार हातांवर थांबला, जवळ यायची त्याची हिंमत होईना. "ए बाई, आवाज खाली," तो म्हणाला. मागे कोणीतरी मोबाईल वर धरला होता.

शर्मिष्ठा मॅडम उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, की भीतीने मोठे झाले होते, ते सुगंधाला सांगता आलं नसतं. "बसा ना, ताई," त्या म्हणाल्या. "प्लीज. तुम्ही म्हणता ते खरं आहे. सगळं खरं आहे. पण यादी मी केली नाही हो."

सुगंधा बसली. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणला आणि हातात न देता टेबलावर ठेवला. ती ते पाणी प्यायली. दाखला घडी करून पुन्हा पिशवीत घातला. उठताना ती मॅडमना "सॉरी" म्हणाली आणि बाहेर आल्यावर तिला स्वतःचाच संताप आला, की सॉरी आपण का म्हणालो.

घरी तिने दीप्तीला सांगितलं, "बोलले आज."

"मग?"

"काही नाही."

दीप्तीने आईकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून तिच्या पाठीमागे बसली आणि तिचे खांदे चेपू लागली.

खुल्या प्रवर्गातून अर्ज राहिला होताच. पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत नव्हतं. तिसरी यादी लागली तेव्हा सुगंधा गाळ्यात होती. मोबाईल वाजला. दीप्तीने दोनच शब्द लिहिले होते: 'नाही लागलं.' थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली, की तीन गुणांनी गेलं. सुगंधाने मोबाईल उपडा ठेवला आणि पुढचा शर्ट ओढला. त्या दिवशी तिच्या हातून एका शर्टाची शिवण कापली गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मुकादम काही बोलला नाही, कारण तिने दाखवलंच नाही. तो शर्ट तसाच गठ्ठ्यात गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे, काकी म्हणाल्या. अण्णांनी नगरसेवकाला द्यायला एक अर्ज लिहून दिला, सुरेख अक्षरात, सिद्दी समाजाला यादीत घेण्याबाबत. तो दिला. पोच मिळाली. दीप्तीने एकदा पुस्तकं काढली, चार दिवस वाचली, परत ट्रंकेत ठेवली.

मग तिने एका कॉल सेंटरला फोनवरून मुलाखत दिली. मरोळलाच. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या तक्रारी घ्यायच्या होत्या, मराठी गिऱ्हाइकांच्या. फोनवर ते लोक तिच्या मराठीवर खूश झाले, लगेच ये म्हणाले. ती पहिल्या दिवशी गेली तेव्हा केयूर नावाचा ट्रेनिंग देणारा मुलगा हातात यादी घेऊन दारात उभा होता. दीप्ती त्याच्या समोर होती आणि तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. "दीप्ती सिद्दी अजून आली नाही का?" त्याने आत विचारलं.

"मीच," दीप्ती म्हणाली.

तो ओशाळला. मग त्याने तिला हेडफोन दिला आणि एका खुर्चीत बसवलं.

आता सकाळी मायलेकी एकाच बसने मरोळला जातात. महिना झाल्यावर एका रविवारी जेवताना सुगंधाने विचारलं, "माणसं कशी आहेत गं फोनवरची?"

"शिव्या देतात," दीप्ती म्हणाली. "मशीन बंद पडलं की आईबहिणीवरून."

सुगंधाचा घास हातातच राहिला.

"तसं नाही गं आई!" दीप्ती घाईने म्हणाली. "सगळ्यांनाच देतात. माझ्या बाजूला एक जोशी बसते, तिलाही त्याच. मला काही वेगळी शिवी नाही पडत तिथे." आणि ती हसली. उगाच हसायचं म्हणून नाही, मनापासून हसली. खूप दिवसांनी तिचे सगळे दात दिसले.

सुगंधाने तिच्या ताटात भात वाढला. आणखी थोडा वाढला. कॉटवरून माणिकने जड जिभेने विचारलं, पोर काय म्हणते.

"काम बरंय म्हणते," सुगंधा म्हणाली.